संदर्भनिर्देशांची गणना : विल्यम हाइड वुलस्टन याच्या लेखनाच्या निमित्ताने

एखाद्या संशोधकाचे लेख किती आणि इतरांनी त्यांचा निर्देश किती वेळा केला, या दोन आकड्यांवरून त्याच्या कार्याची प्रतवारी करण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत तर नियतकालिकाच्या प्रभावांकानुसार लेखाला अधिक गुण देण्याची तरतूद करण्यात आली. ही गणना वस्तुतः कशाची होते, हे पाहण्यास रसायनशास्त्र व मूत्ररोगविज्ञान या दोन्ही क्षेत्रांत लेखन केलेल्या विल्यम हाइड वुलस्टन (१७६६–१८२८) या इंग्रज संशोधकाचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल.

वुलस्टन हा व्यवसायाने वैद्य. शेले याने १७७६ मध्ये मूतखड्यात आज ज्यास यूरिक आम्ल म्हणतात ते द्रव्य शोधून काढले होते, आणि सर्व मूतखडे त्याचेच असतात अशी समजूत होऊन बसली होती. १७९७ मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात वुलस्टनने ती मोडून काढली. कॅल्शियम ऑक्झॅलेटचा खडा निराळा, कॅल्शियम फॉस्फेटचा निराळा, अमोनियम-मॅग्नेशियम फॉस्फेटचा निराळा, असे त्याने पृथक्करणाने दाखविले; संधिवाताच्या एका प्रकारात सांध्यांत साठणारे द्रव्य म्हणजे यूरिक आम्लाचे सोडियम-लवण होय, हेही सांगितले. मूतखड्याचे रासायनिक घटकांवरून वर्गीकरण करण्याची जी पद्धत रुग्णालयांत चालते तिचा पाया येथे आहे. तरीही त्या पद्धतीने खड्याचा अहवाल लिहिणारा कोणीही १७९७ च्या निबंधाचा निर्देश करीत नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या घटनेस १९६८ मध्ये जे नाव दिले, त्याचा भावार्थ ‘अंगभूत झाल्यामुळे होणारा लोप’ असा सांगता येईल.

रसायनशास्त्रातील त्याची नोंद याहूनही विचित्र आहे. १८०० साली वैद्यकी सोडून तो प्लॅटिनमच्या शुद्धीकरणाकडे वळला. या कामात हाती लागलेल्या पॅलेडियम या नव्या धातूची वार्ता त्याने १८०३ मध्ये निबंधाने नव्हे, तर एका निनावी पत्रकाने प्रसिद्ध केली आणि धातू लंडनमधील एका दुकानात विक्रीस ठेवला! रिचर्ड चेनेविक्स याने घाईने निबंध वाचून तो प्लॅटिनम व पारा यांचा मिश्रधातू असल्याचे ठरविले. वुलस्टनने आपण शोधक असल्याचे १८०५ मध्ये उघड केले. दरम्यानच्या काळापुरता हिशेब मांडला, तर खरा शोध स्वाक्षरीविना आणि चुकीचा निष्कर्ष नावानिशी, अशी स्थिती दिसते. शिवाय खंडनासाठी केलेला निर्देश आणि आधारासाठी केलेला निर्देश यांत गणना भेद करीत नाही. चेनेविक्सच्या खात्यावर दोन्ही सारखेच जमा होतात. पुढे २०१० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पॅलेडियमच्या साहाय्याने कार्बनचे अणू जोडण्याच्या विक्रियांस मिळाले. पण त्या विषयावरील लेखांत वुलस्टनचा निर्देश शोधण्याच्या खटाटोपात पडू नये.

भाषेच्या अभ्यासकास सर्वांत रोचक वाटावा तो १८१० चा निबंध. मूत्राशयातील एका नव्या प्रकारच्या खड्याचे द्रव्य आम्लाशी तसेच अल्कलीशी संयोग पावते असे दिसल्यावरून वुलस्टनने त्यास ‘सिस्टिक ऑक्साइड’ म्हटले. ग्रीक ‘किस्टिस’ म्हणजे मूत्राशय. ते द्रव्य ऑक्साइड नव्हते, म्हणून बर्झेलियसने पुढे ‘सिस्टीन’ हे नाव सुचविले आणि तेच टिकले. परिणामी मूळ संज्ञेवरून शोध घेणाऱ्यास या विषयाचे पुढील वाङ्मय जवळजवळ सापडत नाही, आणि नव्या संज्ञेवरून घेणाऱ्यास मूळ निबंध दिसत नाही. निर्देशाचा धागा वस्तूला नव्हे, शब्दाला बांधलेला असतो.

ही अडचण युजीन गारफील्ड याने नेमकी ओळखली होती. तो प्रथम रसायनशास्त्राचा पदवीधर. १९६१ मध्ये त्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली ती संरचनात्मक भाषाविज्ञानात, रासायनिक नावांवरून रेणुसूत्रे काढण्याच्या रीतीवर. विषयसंज्ञा बदलत जातात, तेव्हा लेखाने पूर्वीच्या कोणत्या लेखांचा आधार घेतला याचीच सूची करावी, असा त्याचा विचार होता, आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला. संज्ञांच्या जंगलातून वाट काढण्याचे ते साधन होते. त्याचा मापदंड पुढे झाला, आणि त्यात गारफील्डचाही हात होता हे नाकारता येणार नाही. मात्र सूचीत तळटीपेतील नावच तेवढे येते. १८८४ मध्ये बाउमान याने सिस्टीनचे क्षपण करून मिळविलेल्या द्रव्यास ‘सिस्टेईन’ म्हटले. प्रथिनांवरील असंख्य लेखांत हा शब्द येतो, त्यात वुलस्टनचे मूत्राशय आहे आणि वुलस्टन नाही.