पूजाविधी ठरविण्याचा अधिकार कोणाचा?



संविधानाचा अनुच्छेद २६ धर्मसंप्रदायास आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था पाहण्याचा हक्क देतो. मालमत्तेचा कारभार मात्र कायद्यानुसारच करावा लागतो. या दोहोंमधील सीमारेषा कोणी आखावी, हाच खरा वाद आहे.

उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, धर्माचे आवश्यक अंग कोणते, हे मुख्यत्वे त्या धर्माच्या शिकवणीवरूनच ठरवावे. नेमल्या वेळी नैवेद्य दाखविण्यास द्रव्य लागले, तरी ते धर्मकृत्यच होय.

पुढे १९६१ साली अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी अंधश्रद्धेतून शिरलेल्या प्रथांना हे संरक्षण असेलच असे नाही, असे मत मांडले. तेव्हापासून निवडीचे काम न्यायालयाकडे सरकले. परंपरानिष्ठ विधिज्ञांचा आक्षेप येथेच आहे: न्यायाधीशाने धर्मशास्त्र्याचे आसन घेऊ नये. २०१८ साली शबरीमला प्रकरणातील बहुमताच्या निर्णयाशी असहमती दर्शविताना न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनीही आवश्यक प्रथा ठरविणे हे त्या समाजाचे काम असल्याचे म्हटले.

तथापि हा हक्क अमर्याद नाही. सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्व वर्गांस खुली करणारा कायदा संप्रदायाच्या हक्कावरही चालतो, हे १९५७ च्या वेंकटरमण देवरू खटल्यात ठरले.

विश्वस्तांनी यातून एवढेच घ्यावे: विधी परंपरेने चालवावा, हिशेब मात्र कायद्याने चोख ठेवावा. हिशेबातील ढिलाईच बाहेरच्या हस्तक्षेपास दार उघडून देते.