अदृश्य गळती

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात लॉस अँजेलिस नावाचे महानगर आहे. त्याच्या उत्तरेस डोंगरांची एक रांग असून तिच्या पायथ्याशी पोर्टर रँच ही टुमदार वस्ती वसलेली आहे. २०१५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस या वस्तीतील रहिवाशांना एकाएकी उग्र दुर्गंधी जाणवू लागली. नासलेल्या अंड्यांसारखी ती घाण दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी घरात शिरे. कोणाचे डोके दुखू लागले, कोणाला मळमळू लागले, तर कोणाच्या नाकातून रक्त येऊ लागले. आकाश मात्र नेहमीसारखेच निळे व निरभ्र होते. धूर नव्हता, ज्वाळा नव्हत्या, धूळही नव्हती. मग ही दुर्गंधी येत तरी कोठून होती?

तिचा उगम त्या डोंगरातच होता. अलिसो कॅन्यन नावाच्या त्या भागात पूर्वी खनिज तेलाचे मोठे क्षेत्र होते. तेल उपसून झाल्यावर सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरील सच्छिद्र खडक रिकामे झाले. आपल्याकडे जुन्या काळी शेतकरी जमिनीत पेव खणून त्यात धान्य साठवीत असत. त्याचप्रमाणे या रिकाम्या खडकांत नैसर्गिक वायू दाबाने भरून ठेवावा व गरज पडेल तेव्हा काढून घ्यावा, अशी योजना तेथे १९७० नंतरच्या दशकात अमलात आली. वायू आत सोडण्यासाठी व बाहेर काढण्यासाठी शंभराहून अधिक विहिरी होत्या. त्यांपैकी एका विहिरीतून वायू निसटत असल्याचे २३ ऑक्टोबर २०१५ रोजी उघडकीस आले.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन होय. कार्बनचा एक अणू व हायड्रोजनचे चार अणू मिळून मिथेनचा एक रेणू बनतो. इटलीतील शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा याने १७७६ साली मॅजोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे भांड्यात गोळा केले आणि त्यातील वायू पेट घेतो हे दाखवून दिले. तोच हा वायू. भाताच्या खाचरांत, गुरांच्या पोटात व कचऱ्याच्या ढिगांतही तो तयार होतो. त्याला रंग नाही, रूप नाही आणि आश्चर्य म्हणजे गंधही नाही.

मग पोर्टर रँचच्या लोकांना वास आला तो कशाचा? या प्रश्नाच्या उत्तरामागे एक करुण कथा आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे गाव आहे. तेथील शाळा उबदार ठेवण्यासाठी नैसर्गिक वायू जाळीत असत. तो वायू नळीतून गळून इमारतीच्या तळाशी साचत गेला; पण वास नसल्यामुळे कोणालाच पत्ता लागला नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी एका विजेच्या यंत्राची ठिणगी उडाली आणि क्षणार्धात शाळा कोसळली. सुमारे तीनशे जीव गेले व त्यांत बहुतेक विद्यार्थीच होते. या आघातानंतर नैसर्गिक वायूत तीव्र दुर्गंधी असलेला पदार्थ अल्प प्रमाणात मिसळावा, असा कायदा करण्यात आला. आज स्वयंपाकघरात वायूचा जो वास येतो तो त्या मुलांच्या मृत्यूने जगाला दिलेला इशाराच आहे.

अलिसो कॅन्यनची गळती थांबविण्यासाठी तज्ज्ञांनी विहिरीच्या तोंडातून जड चिखलासारखा द्रव पुनःपुन्हा आत ढकलून पाहिला. परंतु वायूचा दाब इतका प्रचंड होता की प्रत्येक प्रयत्न फसला. अखेर जवळच दुसरी विहीर तिरकी खणून तळाशी मूळ विहीर गाठावयाची, असे ठरले. या कामास कित्येक आठवडे लागले. दरम्यान राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली. हजारो कुटुंबांना घरे सोडून अन्यत्र राहावे लागले आणि वस्तीतील दोन शाळांच्या मुलांना वर्षाच्या मध्येच दुसरीकडे शिकावयास जावे लागले. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी वायूचा प्रवाह थांबला आणि नंतर ती विहीर सिमेंटने कायमची बुजविण्यात आली.

या काळात वायू किती गेला? शास्त्रज्ञांनी मोजमापाची उपकरणे घेऊन एका लहान विमानातून त्या प्रदेशावर वारंवार उड्डाणे केली. त्यांच्या गणनेनुसार सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत मिसळला होता. गळती ऐन भरात असताना दर तासाला सुमारे ६० टन मिथेन बाहेर पडत होता. साध्या डोळ्यांना तेथे काहीच दिसत नव्हते. परंतु उष्णतेचे किरण टिपणाऱ्या विशेष कॅमेऱ्यातून पाहताच डोंगरावरून उसळणारा वायूचा भला मोठा लोट स्पष्ट दिसला. अदृश्य संकट त्या दिवशी प्रथमच दृश्य झाले.

वस्तीतील लोक पुढे आपापल्या घरी परतले. पण आकाशात गेलेल्या वायूचे काय झाले? पृथ्वीभोवतीचे वातावरण म्हणजे जणू तिने पांघरलेली घोंगडीच होय. दिवसा सूर्यप्रकाशाने भूपृष्ठ तापते व ती उष्णता अवकाशात परत जाऊ लागते. वातावरणातील काही वायू तिचा काही भाग अडवून धरतात. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ साली लंडन येथे प्रयोग करून ही गोष्ट सिद्ध केली. हे वायू मुळीच नसते तर पृथ्वी गोठून गेली असती. परंतु घोंगडी गरजेपेक्षा जाड झाली तर अंगाची काहिली होते. मिथेन हा अशा उष्णता अडविणाऱ्या वायूंपैकी अत्यंत प्रभावी वायू आहे. वीस वर्षांच्या काळाचा विचार केला तर एक टन मिथेन हा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापमानवाढ घडवितो. यंत्रयुग सुरू होण्यापूर्वी हवेत जितका मिथेन होता त्याच्या अडीच पटींहून अधिक आज आहे. पृथ्वीचे तापमान आजवर जितके वाढले आहे त्यात मिथेनचा वाटा कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल आहे.

येथे एक विलक्षण पेच निर्माण होतो. दगडी कोळसा जाळून जितकी ऊर्जा मिळते तितकीच ऊर्जा नैसर्गिक वायूपासून मिळविली, तर कार्बन डायऑक्साइड जवळजवळ निम्माच निर्माण होतो. राखही होत नाही. म्हणूनच अनेक देशांनी कोळशाऐवजी या वायूचा स्वीकार केला. परंतु हा लाभ वायू पूर्णपणे जळला तरच पदरी पडतो. चुलीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो वाटेत गळाला तर एका हाताने कमावलेले दुसऱ्या हाताने गमावल्यासारखे होते. अमेरिकेतील तेल व वायू उद्योगाचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २०१८ साली असे दाखविले की, उत्पादित वायूपैकी सुमारे २.३ टक्के वायू वाटेतच हवेत जातो. सरकारी अंदाजापेक्षा हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी अधिक होते. अलिसो कॅन्यनसारखे मोठे अपघात क्वचितच घडतात. परंतु विहिरी, झडपा, टाक्या व नळांचे सांधे यांतून चाललेली गळती अखंड असते. थेंबे थेंबे तळे साचते ही म्हण येथेही खरी ठरते; मात्र हे तळे कोणास हवेसे वाटणारे नाही.

अलिसो कॅन्यनच्या अपघाताची चौकशी पुढे तज्ज्ञांनी केली व २०१९ साली अहवाल प्रसिद्ध झाला. विहिरीतील पोलादी नळी बाहेरून भूजलाच्या संपर्कामुळे गंजली होती व तेथेच ती फुटली. त्या विहिरीतील सुरक्षेची झडप १९७९ साली काढून टाकलेली होती व तिच्या जागी दुसरी बसविलेली नव्हती. त्या क्षेत्रातील इतर विहिरींच्या नळ्यांनाही पूर्वी अनेकदा गळती लागली होती. परंतु ती का लागते याचा मुळापर्यंत जाऊन शोध घेतला गेला नव्हता. लहान दोषाकडे वेळीच लक्ष दिले असते तर मोठा अनर्थ टळला असता, हा धडा या अहवालातून मिळतो.

सुदैवाने या कथेला आशेची बाजूही आहे. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शतकानुशतके टिकतो. मिथेन मात्र सुमारे बारा वर्षांत वातावरणात विघटित होऊन जातो. म्हणजे आज गळती थांबविली तर तिचे फळ आजच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या तरुणपणीच पाहावयास मिळेल. शिवाय वाचविलेला वायू विकता येत असल्यामुळे गळती बुजविण्याचा बराचसा खर्चही भरून निघतो. आता कृत्रिम उपग्रह अवकाशातून मिथेनचे मोठे लोट शोधून काढतात. २०२१ साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन, २०३० पर्यंत जगातील मिथेनचे उत्सर्जन २०२० च्या मानाने ३० टक्क्यांनी कमी करण्याचा संकल्प सोडला.

हा प्रश्न केवळ दूरदेशीचा आहे असे नव्हे. मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्रात १९७४ साली ‘मुंबई हाय’ हे तेल व वायूचे क्षेत्र सापडले. आज मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांतील अनेक घरांत नळाने जो वायू येतो तो मुख्यतः मिथेनच असतो. गावोगावी टाकीतून मिळणारा वायू निराळा. पण सावधगिरीचा नियम दोहोंना सारखाच लागू आहे. वास येताच विजेचे बटण दाबू नये, काडी ओढू नये. खिडक्या उघडाव्या, वायूची झडप बंद करावी व मोठ्या माणसांना सांगावे.

गळक्या घागरीतून पाणी सांडले तर जमीन ओली होते आणि चूक तत्काळ डोळ्यांना दिसते. वायूची गळती तशी दिसत नाही. परंतु जे दिसत नाही ते नाहीच, असे समजणे शहाणपणाचे नव्हे. न दिसणारे दोष शोधून काढणे व ते लहान असतानाच दुरुस्त करणे, हेच विज्ञानाचे काम आहे आणि जागरूक नागरिकाचेही.