मोहोळाच्या दारी

मधावाचून आपले पंचामृत होत नाही, आणि वर मांडवात आला म्हणजे त्याचे स्वागत मधुपर्काने करावे अशी आपली जुनी रीत आहे. ज्या घरात मधास एवढा मान, त्याच घराच्या वळचणीस मोहोळ लागले की टेंभा कोठे आहे याची चौकशी सुरू होते, हे मोठे नवल होय. माशी दंश करते ही गोष्ट खरी; परंतु पुष्कळदा घरची मंडळी भितात ती माश्यांच्या न समजलेल्या हालचालीस. माश्या दाराबाहेर येऊन लोंबू लागल्या, थव्याने भिरभिरू लागल्या, अगर पोळ्यावर लाटा उठवू लागल्या, की त्या खवळल्या असे आपण धरून चालतो.

सांगलीहून बुधगावाकडे जाताना लागणारे आमचे माधवनगर काय किंवा सातारा-सांगलीकडील दुसरे कोणतेही गाव काय, परसातला शेवगा, अंगणातला लिंब आणि वेशीबाहेरची शेते यांमुळे मधमाशीचे जाणेयेणे सर्वत्र असते. पोळ्याच्या आत काय चालले आहे हे आपणांस दिसत नाही. परंतु आतल्या संसाराची बातमी दारात कळते. ती कशी वाचावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम माशी ओळखावी. उंच पिंपळावर, कड्याला अगर पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच भले मोठे पोळे लोंबते, ते आग्याचे. झुडपाच्या डहाळीस तळहाताएवढे नाजूक पोळे असते, ते फुलोरीचे. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत अंधारात एकाआड एक अनेक पोळी बांधून राहते, ती सातेरी. हिलाच पेटीत पाळतात. हल्ली युरोपी जातीच्या माश्यांच्या पेट्याही आपल्याकडे आल्या आहेत. आग्याशी जवळीक करू नये. सातेरी त्या मानाने पुष्कळच सौम्य आहे.

पेटीची दाढी

चैत्र-वैशाखात आमच्या भागात पारा ४० अंशांच्या आसपास जातो. अशा दिवशी तिन्हीसांजेस सातेरीच्या पेटीपुढे पाहावे, तो शेकडो माश्या बाहेर येऊन, एकमेकींस धरून स्वस्थ लोंबत असलेल्या दिसतात. जणू पेटीस दाढीच फुटली. यात रागाचा लवलेश नाही. पोळ्याच्या ज्या भागात अळ्या व कोष असतात, तेथील उष्णता साधारण ३४ ते ३५ अंशांवर राखणे हे कामकरी माश्यांचे ब्रीद आहे. उकाडा वाढला की काही माश्या पाणी आणून आत पसरतात, काही पंखांनी वारा घालतात, आणि ज्यांना आत काम नाही त्या बाहेर येऊन हवेस जागा करून देतात. लग्नघरी पाहुणे दाटले म्हणजे पुरुषमंडळी माजघर बायकामुलांस सोडून ओट्यावर अंथरुणे टाकतात, त्यातलाच हा प्रकार.

वारा घालण्याच्या रीतीतही एक मौज आहे. युरोपी माशी दाराकडे तोंड करून उभी राहते व आतली कोंदट हवा बाहेर काढते. आपली सातेरी दाराकडे पाठ करून बाहेरची हवा आत लोटते. काम एकच, पण घराण्याची रीत निराळी!

पेटी उन्हात असेल तर तीवर सावली करावी. विहिरीच्या थारोळ्यावर व नळाखाली माश्या जमत असतील, तर त्यांना हाकलण्याऐवजी जरा दूर उथळ पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवावे. मात्र त्यात खंड पडू देऊ नये.

दुपारची भिरभिर

दोन प्रहरच्या उन्हात कधी कधी दारासमोर एकाएकी माश्यांची गर्दी उसळते. नीट पाहिल्यास प्रत्येकीचे तोंड घराकडे असते. ती डुलत डुलत मागे सरते, लहान घिरट्यांच्या मोठ्या घिरट्या करते आणि थोड्या वेळाने परत येते. या तरुण माश्या होत. आजवर आत काम करणाऱ्या या मुली पहिल्यांदाच उंबरठा ओलांडून आपल्या घराची खूण मनात ठसवीत असतात. काही वेळात सारे शांत होते.

परक्या माश्यांनी घातलेली लूट याहून वेगळी दिसते. तीत दारात झटापट चालते, माश्या एकमेकींस मिठी घालून खाली कोसळतात, आणि चोर माश्या पेटीच्या फटी धुंडाळतात. अशा वेळी दार अरुंद करावे आणि आसपास सांडलेला मध अगर पाक पुसून काढावा.

फांदीवरचा घोस

फुलोऱ्याच्या हंगामात वसाहत फार वाढली म्हणजे जुनी राणी भरले घर लेकीस देऊन, निम्म्याच्या आसपास माश्यांसह स्वतः नवे बिऱ्हाड थाटावयास निघते. हा थवा प्रथम जवळच्या फांदीवर घोसासारखा टांगून बसतो. पाहणाराच्या पोटात गोळा येतो. परंतु या माश्यांनी निघताना पोटभर मध घेतलेला असतो, आणि राखावयास अळ्या नसतात, त्यामुळे छेडल्यावाचून त्या सहसा दंश करीत नाहीत.

घोसाच्या पृष्ठभागावर काय चालते, याचा उलगडा जर्मनीतील मार्टिन लिंडाउअर यांनी केला. मधमाशीच्या नृत्याचा अर्थ लावणारे व पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल फॉन फ्रिश, यांचे हे शिष्य. १९४९ साली म्यूनिक येथे अशा घोसावर नाचणाऱ्या काही माश्या त्यांना मळलेल्या दिसल्या. कोणी काजळीने काळी, कोणी विटांच्या धुळीने तांबडी, कोणी पिठाने पांढरी. फुलांवरून येणारी माशी अशी मळत नाही. युद्धात पडझड झालेल्या त्या शहरातील धुराडी व भिंतींची भोके पाहून आलेल्या त्या टेहळ्या होत्या, आणि आपापली जागा इतरांस सांगत होत्या. आरंभी अनेक जागांचा पुकारा होतो. चांगल्या जागेसाठी नाच अधिक वेळ चालतो, हळूहळू तिला अनुकूल माश्या वाढतात, आणि मग सारा थवा एकदम उठतो. हे मंथन काही तासांत, क्वचित काही दिवसांत संपते. तेवढा वेळ फांदीखालून मुलांना दूर ठेवले की आपले काम झाले.

आग्याची लाट आणि पिवळे ठिपके

आग्याच्या पोळ्यावर माश्यांचा जाड पडदा असतो. त्यावर मधूनच काळसर चमकती लाट सळसळत जाते. माश्या क्षणार्धात पोट वर उचलतात, शेजारणी त्याचे अनुकरण करतात, आणि ती हालचाल साऱ्या पोळ्यावर पसरते. ऑस्ट्रियातील गेराल्ड कास्टबर्गर व त्यांचे सहकारी यांनी नेपाळात अभ्यास करून २००८ साली दाखवून दिले की, ही लाट शिकारी गांधीलमाशीस पोळ्यापासून दूर ठेवते. म्हणजे न लढताच शत्रूस परतविण्याची ही युक्ती आहे. आपणांस मात्र ती ‘दूर राहा’ अशी सूचना समजावी.

वाळत घातलेल्या धोतरावर, गच्चीवरच्या कुरडयांवर पिवळे ठिपके पडतात, तेही आग्याचेच काम. या माश्या मलविसर्जनासाठी सामुदायिक उड्डाण करतात, आणि त्यांच्या विष्ठेत पराग भरलेले असतात. या ठिपक्यांनी एकदा मोठ्या राष्ट्रांतही कलह माजविला. १९८१ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी आग्नेय आशियात विषप्रयोग होत असल्याचा जाहीर आरोप केला, व त्याचा रोख सोव्हिएत रशियाकडे होता. त्या ‘पिवळ्या पावसा’च्या ठिपक्यांत परागकण आढळले, आणि मॅथ्यू मेसेलसन व टॉमस सीली यांनी १९८४ साली थायलंडात जाऊन माश्यांचा असा वर्षाव स्वतः पाहिला. माशीची चाल न ओळखता आरोप करण्याची घाई केवळ आपल्याच आळीत होते असे नाही!

सारवणाऱ्या माश्या

यापुढचा प्रकार मात्र विद्वानांसही चकविणारा आहे. युरोपी माशीच्या पेटीवर, दाराजवळच्या फळीवर, कधी कधी माश्यांच्या ओळी जमतात. मागल्या चार पायांवर भार देऊन, डोके खाली घालून, पुढल्या पायांनी व जबड्यांनी त्या फळी खरवडतात आणि सारा वेळ एका लयीत पुढेमागे झुलतात. घरच्या सुना रांगेने बसून अंगण सारवीत असाव्या, असे ते दृश्य असते. इंग्रज मधपाळ त्याला फळीवर धुणे घासण्याची उपमा देतात.

अमेरिकेत केटी बोरर व जेफ्री पेटिस यांनी २००६ साली यावर निबंध प्रसिद्ध केला. १३ दिवसांच्या माश्या हे काम करू लागतात, १५ ते २५ दिवसांच्या माश्यांत ते सर्वांत अधिक दिसते; सकाळी ८ पासून दुपारी २ पर्यंत ते वाढत जाते व रात्री ९ पर्यंत टिकते; आणि काचेपेक्षा पाटीचा दगड व रंग न दिलेले लाकूड त्यांना किंचित अधिक रुचते, इतके त्यांना आढळले. हे वय घरकाम संपून बाहेरची कामगिरी सुरू होण्याच्या संधीचे होय. पृष्ठभाग स्वच्छ करण्याचा हा प्रयत्न असावा असा तर्क आहे. परंतु हेतू सिद्ध झालेला नाही. वसाहतीस त्यापासून अपाय होत नाही, तेव्हा कोणताही उपाय करू नये.

खरी काळजी केव्हा?

उडता न येणाऱ्या माश्या जमिनीवर सरपटत असतील, मेलेल्यांचा खच पडत असेल, अगर मेलेल्या अळ्या वारंवार दाराबाहेर टाकल्या जात असतील, तर रोग किंवा शेतातील विषारी फवारणी यांचा संशय घ्यावा. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती अळ्यांच्या विषाणुरोगाने नष्ट झाल्या. म्हणून अशी लक्षणे दिसताच जाणत्या मधपाळास दाखवावे. आपल्या शेजारी महाबळेश्वरास खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, पुण्यास १९६२ पासून केंद्रीय संशोधन संस्था आहे. महाबळेश्वराजवळचे मांघर तर मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. जांभूळ, गेळा, हिरडा यांच्या फुलोऱ्यावर तेथील घरे माश्यांच्या सोबतीने राहतात.

आग्याचे पोळे जाळू नये, त्यास दगड मारू नये, त्याखाली धूर करू नये. एका माशीने दंश केला की त्या वासाने इतर माश्या धावून येतात. तसा प्रसंग आलाच, तर तोंड झाकून घरात पळावे व काटा तत्काळ खरवडून काढावा. श्वास कोंडू लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा दंश पुष्कळ झाले, तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. जाण्यायेण्याच्या वाटेवरच पोळे असेल, तर ते जाणत्याकडून हलवून घ्यावे. एरवी आग्या मूळची फिरस्ती. हंगाम सरला की ती रिकामे मेण मागे टाकून आपण होऊन निघून जाते. तोवर मुलांना खिडकीत उभे करून तिची लाट दाखवावी. अभ्यासाच्या पुस्तकात तो धडा त्यांना मिळणार नाही.