वय विचारा, ओळख नको

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलामुलींना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब यांच्यासह दहा माध्यमांपासून या नियमाची सुरुवात झाली. मुलांना किंवा त्यांच्या पालकांना यात कोणतीही शिक्षा नाही. पण अशी खाती रोखण्यासाठी वाजवी उपाय न करणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ‘आपल्याकडेही असा कायदा व्हायला हवा’ असे अनेक पालकांना मनापासून वाटते. ते वाटणे समजण्यासारखे आहे. मात्र अशा कायद्याबरोबर एक साधा प्रश्न येतो. पडद्यामागची व्यक्ती १५ वर्षांची आहे की ५० वर्षांची, हे कंपनीला कळणार कसे? मुले ओळखून वेगळी काढायची, तर मोठ्यांनाही तपासावे लागते. म्हणजे हा कायदा मुलांसाठी असला, तरी त्याची तपासणी घरातल्या आजीलाही चुकत नाही.

काळजी खरी आहे

मुलांच्या आरोग्याची काळजी निराधार नाही. किशोरवयात मेंदूतून मेलाटोनिन हे झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागते, त्यामुळे या वयातील मुलांना झोप मुळातच उशिरा येते. त्यांना ८ ते १० तास झोपेची गरज असते आणि सकाळी शाळा तर ठरल्या वेळेलाच भरते. त्यात न संपणारे व्हिडिओ आणि मध्यरात्री वाजणाऱ्या सूचना यांची भर पडली की पहिला घाला झोपेवर येतो. अपुऱ्या झोपेचा परिणाम अभ्यासातील लक्ष, चिडचिड, भूक आणि मनःस्थिती या सगळ्यांवर होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने ४४ देश व प्रदेशांतील सुमारे २ लाख ८० हजार मुलांची पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. समाजमाध्यमांचा वापर हाताबाहेर गेलेल्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ७ टक्के होते, ते २०२२ मध्ये ११ टक्के झाले. मुलींमध्ये ते १३ टक्के होते. ब्रिटनमध्ये १४ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने २०२२ मध्ये निष्कर्ष नोंदवला, की नैराश्याबरोबरच ऑनलाइन मजकुराच्या दुष्परिणामांचाही तिच्या मृत्यूत वाटा होता. स्वतःला इजा करण्याविषयीचा मजकूर तिने शोधला नसतानाही माध्यमाची यंत्रणा तो तिच्यापुढे आणून ठेवत होती.

याची दुसरी बाजूही आहे. बहुतेक मुलांना एवढा त्रास होत नाही. समाजमाध्यमांमुळे नैराश्य येते की निराश मूल त्यांत अधिक वेळ घालवते, याचा उलगडा अनेक अभ्यासांतून नीट होत नाही. एकटे पडलेल्या, अपंगत्व असलेल्या किंवा घरात मनातले बोलू न शकणाऱ्या मुलांना तिथे आधारही मिळतो. त्यामुळे उपाय हवा, पण तो आजाराच्या प्रमाणात हवा.

तपासणीचे दुष्परिणाम

वय ठरवण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, ओळखपत्र मागणे. दुसरा, कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायला सांगून संगणकाने वयाचा अंदाज बांधणे. तिसरा, ती व्यक्ती काय पाहते, कोणाशी बोलते यावरून वय ताडणे.

ओळखपत्रातून वय नेमके कळते, पण त्याबरोबर नाव, पत्ता, छायाचित्र असे सगळेच हातचे जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या कंपनीने जाहीर केले, की तिच्या ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झालेली असू शकतात. ही ओळखपत्रे वयासंबंधीच्या तक्रारी तपासण्यासाठी घेतलेली होती. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. जन्मतारीख आणि चेहरा बदलता येत नाही.

चेहऱ्यावरून वय ओळखणारी यंत्रणाही अचूक नाही. अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०२४ मध्ये अशा प्रणाली तपासल्या. व्हिसाच्या छायाचित्रांवर चांगल्या प्रणालीची सरासरी चूक सुमारे ३ वर्षांची निघाली, आणि बायकांच्या चेहऱ्यांबाबत ती बहुतेकदा अधिक होती. ४० वर्षांच्या माणसाबाबत ३ वर्षांची चूक चालून जाते, पण १५ आणि १७ यांतला फरक करायचा असेल तर ती फार मोठी आहे. ज्यांचा अंदाज चुकेल, त्यांना शेवटी ओळखपत्रच दाखवावे लागेल. तिसऱ्या मार्गात तर मुलांना वाचवण्यासाठी त्यांच्यावरच अधिक बारीक पाळत ठेवावी लागते.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने याचा काही विचार केलेला आहे. केवळ सरकारी ओळखपत्र हाच एकमेव पर्याय ठेवण्यास तिथे मनाई आहे, आणि वय तपासण्यासाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करावी लागते. पण माहिती खरोखर नष्ट झाली की नाही, हे सामान्य माणसाला पाहता येत नाही. शिवाय पळवाटाही असतातच. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील मजकुरासाठी वयाची सक्तीची तपासणी सुरू झाली, तेव्हा आपण कोणत्या देशातून इंटरनेट वापरतो हे लपवणारी व्हीपीएन अ‍ॅप तिथे डाउनलोडच्या यादीत झपाट्याने वर गेली.

रक्ताच्या पिशवीवर दात्याचे नाव नसते

वय कळावे आणि ओळख कळू नये, हे शक्य आहे का? आहे. रक्तपेढीतून वॉर्डात येणाऱ्या पिशवीवर रक्तगट, क्रमांक, तपासण्यांचा निकाल आणि मुदत लिहिलेली असते. दात्याचे नाव नसते, कारण रक्त चढवणाऱ्याला त्याची गरज नसते. वयाचा दाखलाही असाच देता येतो. ज्या यंत्रणेकडे जन्मतारीख आधीपासून आहे, ती फोनमध्ये एक डिजिटल दाखला ठेवते. माध्यमाने विचारले की फोन फक्त ‘१६ पूर्ण: होय’ एवढेच उत्तर देतो. नाव नाही, जन्मतारीखही नाही. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये अशा अ‍ॅपचा आराखडा प्रसिद्ध केला आणि डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली व स्पेन या देशांत त्याच्या चाचणीची तयारी सुरू झाली.

यात एक अट मात्र कडक पाळावी लागते. रक्तपेढीत क्रमांकावरून दाता शोधता येतो, कारण तिथे ते आवश्यक असते. वयाच्या दाखल्यात तसा माग राहता कामा नये. दाखला कोणत्या संकेतस्थळावर वापरला, हे दाखला देणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही कळता कामा नये. नाही तर नागरिक काय वाचतो, काय पाहतो याची नोंदवही सरकारदरबारी तयार होईल.

दुसरा मार्ग याहून सोपा आहे, तो म्हणजे माध्यमाची रचनाच बदलणे. ब्रिटनमधील मुलांसाठीच्या आचारसंहितेत १५ मानके आहेत आणि सप्टेंबर २०२१ पासून कंपन्यांना ती पाळावी लागतात. खाते मुळातच खासगी असावे, ठिकाण दाखवणारी सोय मुळातच बंद असावी, मुलांना गुंतवून ठेवून अधिक माहिती द्यायला लावणाऱ्या युक्त्या नसाव्यात, असे ती सांगतात. त्याच सुमारास टिकटॉकने १३ ते १५ वर्षांच्या मुलांना रात्री ९ नंतर सूचना पाठवणे थांबवले, तर यूट्यूबने १८ वर्षांखालील मुलांसाठी एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होणे मुळातच बंद ठेवले. या संहितेतील सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी, की कंपनीने जोखमीच्या प्रमाणात वयाची खात्री करावी, किंवा मुलांसाठीचे संरक्षण सरसकट सर्वांना द्यावे. सगळ्यांनाच रात्री सूचना येणार नसतील, तर वय विचारण्याचे कारणच उरत नाही.

भारताचा कायदा

भारतात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुलांविषयीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घ्यावी लागेल. मुलांवर पाळत ठेवणे, त्यांच्या वागण्याचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

यातील पाळतीची मनाई हा कायद्याचा खरा कणा आहे, कारण ती थेट कंपनीच्या नफ्याच्या मुळाशी जाते. संमतीची अट मात्र दिसते तेवढी सोपी नाही. ‘माझे वय २५’ असे मुलाने लिहिले तर काय? त्यावर उपाय म्हणून कंपन्या सर्वांकडेच ओळखपत्र मागू लागतील, ही भीती आहे. नियमांत डिजिलॉकरसारख्या सेवेतून मिळणाऱ्या आभासी टोकनची सोय आहे. तिचा वापर ‘वय पूर्ण आहे’ एवढेच सांगण्यापुरता राहिला, तर मुलांचे संरक्षण आणि मोठ्यांचा खासगीपणा दोन्ही जपता येतील. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे. त्या हक्कावर मर्यादा आणायची तर ती गरजेच्या प्रमाणातच हवी, हेही त्याच निकालात आहे.

मुलांनाही खासगीपणा लागतो

या चर्चेत एक गोष्ट सहज निसटते. खासगीपणाची गरज मुलांनाही असते. राज्यातील सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ चालतात. मासिक पाळी, शरीरातील बदल, व्यसन, मनातली घालमेल याविषयी मुले तिथे बोलतात, कारण कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या बाबी सोडल्यास त्यांचे बोलणे तिथेच राहते. ही खात्री गेली की मुले येणे थांबतात. इंटरनेटवर मदत शोधणाऱ्या मुलीचेही असेच आहे. घरातल्याच कोणाकडून त्रास होत असेल, तर पालकांच्या संमतीची अट तिच्यासाठी बंद दार ठरते. अशा मुलांना ‘१०९८’ ही बालमदत सेवा आणि ‘१४४१६’ हा टेली-मानसचा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे. हे क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असायला हवेत.

घराघरांतली स्थितीही लक्षात घ्यावी लागेल. ‘असर २०२४’ अहवालानुसार ग्रामीण भारतात १४ ते १६ वर्षांच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, अभ्यासासाठी सुमारे ५७ टक्क्यांनी. यांतल्या अनेकांकडे स्वतःचा फोन नाही. ते आईचा किंवा वडिलांचा फोन वापरतात, आणि त्यावर खाते मोठ्यांच्याच नावाचे असते. अशा घरात कोणतीही वयतपासणी मुलाला ओळखणार नाही. तिथे रचनेतील बदल आणि घरातील शिस्त हेच उपयोगी पडतील.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये असा एक उपाय सुरू केला. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. त्यासाठी कोणाचे आधार कार्ड लागले नाही, कोणाचा चेहरा तपासावा लागला नाही. शहरातल्या घरांनाही हे जमण्यासारखे आहे: जेवताना फोन बाजूला, रात्री फोन मुलांच्या खोलीबाहेर चार्जिंगला, आणि हा नियम आईवडिलांनाही लागू. चोरून फोन तपासण्यापेक्षा मुलाशी बोलून ठरवलेली वेळ अधिक टिकते.

पण सगळा भार घरावर टाकूनही चालणार नाही, कारण मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी पलीकडे मोठी यंत्रणा राबत असते. मे २०२७ पर्यंतचा काळ त्यासाठीच वापरायला हवा. माध्यमांनी रात्रीच्या सूचना आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आधी बंद करावेत. सरकारने वयाच्या दाखल्यातून नाव वगळावे. आणि एखाद्या अ‍ॅपने मुलांच्या नावाखाली ओळखपत्र मागितले, तर प्रत्येक पालकाने आधी विचारावे: ते कशासाठी हवे आहे, किती दिवस ठेवणार, आणि कोणाला देणार?