गव्हाचे पथ्य आणि धिरड्यावरची काकवी

ऊस पिकवणाऱ्याच्या घरात गोडाला तोटा नसतो. पण त्याच घरातल्या एखाद्या पोराला डॉक्टरांनी "गहू कायमचा बंद" म्हणून सांगितले, की साऱ्या घराची पंचाईत होते. चपाती गेली, शेवया गेल्या, रव्याचा शिरा गेला, सणाची पुरणपोळीही गेली. मग आजी विचारते, "आता पोराला गोड तरी काय द्यायचं?" धिरड्यावर काकवी चालेल का? परदेशी असलेल्या लेकाने आणलेली पॅनकेक सिरपची बाटली चालेल का? की आपला साखरेचा पाकच बरा? प्रश्न आपल्याच शिवारातल्या मालाशी निगडित आहे, म्हणून सभासद बंधू-भगिनींसाठी आम्ही तो या अंकात घेतला आहे.

दुखणे काय आहे?

कणीक मळली की तिला जो चिवट ताण येतो, तो ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे. ते गहू, जव आणि राय या धान्यांत असते. खपली गहू हाही गहूच. तो पचायला हलका म्हणून या रोग्याला देऊ नये. सिलिअ‍ॅक या विकारात ग्लूटेन पोटात गेले, की शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब, फुगलेले पोट, न वाढणारे वजन, न हटणारा पंडुरोग अशी लक्षणे दिसतात.

नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी याचे मूळ गव्हात असल्याचे दाखवले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धामुळे तिथे पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा अशी आजारी मुले सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला. आजही यावर मुख्य उपाय एकच, जन्मभर कडक पथ्य.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. शेजाऱ्याने सांगितले म्हणून गहू सोडू नका. रक्ताची आणि आतड्याची तपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते. आधीच गहू बंद केला तर तपासणीत दुखणे लपून राहते.

काकवी, पाक आणि बाटल्या

आता गोडाकडे वळू. उसाच्या रसात ग्लूटेन नसते. काहिलीत रस तापवताना चुना आणि भेंडीचा चिकट रस घालून मळी काढतात. गुळासाठी पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात, काकवी त्याआधीच, १०५-१०६ अंशांच्या सुमारास उतरवून घेतात. यात गव्हाचा संबंध कुठेच येत नाही. म्हणून निर्भेळ काकवी, गूळ आणि आपल्या कारखान्याची साखर, तिन्ही या पथ्याला चालतात. काकवी शक्यतो ओळखीच्या गुऱ्हाळावरून घ्यावी आणि तिच्या फिकट रंगाला भुलू नये. हायड्रॉस मारून रंग उजळता येतो, गुण वाढत नाही.

मेपल सिरप ही काकवीची परदेशी बहीणच म्हणा. कॅनडा-अमेरिकेत वसंताच्या तोंडाला मेपलच्या झाडाला भोक पाडून रस धरतात आणि आटवतात. जगातले बहुतेक मेपल सिरप कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात होते. आपल्या पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स १८ ते २० भरतो, तर त्या रसात साखर जेमतेम २ टक्के. त्यामुळे १ लिटर सिरपला सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. शुद्ध मेपल सिरप पथ्याला चालते. अडचण आहे ती किमतीची.

'पॅनकेक सिरप' असे लिहिलेली बाटली मात्र वेगळी. अमेरिकेत पॅनकेक म्हणजे मैद्याचे जाड धिरडे, आणि त्यावर ओतायचे हे स्वस्त सिरप बहुधा मक्याच्या पाकात रंग आणि वास घालून केलेले असते. सिलिअ‍ॅकच्या रोग्याला मका चालतो, म्हणून असे सिरपही बहुधा चालते. पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. बाटली उलटी करून घटक वाचावेत. त्यात 'मॉल्ट', 'माल्ट अर्क', 'बार्ली' यांपैकी शब्द दिसला तर ती बाटली या मुलाच्या ताटाजवळ आणू नये. मॉल्ट सहसा जव भिजवून, मोड आणून करतात. दुधात घालायच्या मॉल्टच्या पावडरींनाही हाच नियम. तांदळाचे सिरप करतानाही कधी कधी मोड आलेले जव वापरतात, म्हणून तिथेही लेबल पाहावेच.

भारतात 'ग्लूटेनमुक्त' म्हणून विकलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावे, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. किलोत २० मिलिग्रॅम! एवढ्यावरून समजावे, की चिमूटभर कणीकसुद्धा या रोग्याला थोडी नसते.

खरी मेख धिरड्यात

आमच्या पाहण्यात पुष्कळ घरी काकवीची चौकशी होते, धिरड्याची होत नाही. गुळाची गोड धिरडी आपल्याकडे कणकेचीच करतात. ती या मुलाला चालत नाहीत. तांदळाचे घावन, उडीद-तांदळाची आंबोळी, ज्वारीचे किंवा नाचणीचे धिरडे चालते.

पण पीठ दळले कुठे, हेही पाहावे लागते. गावच्या गिरणीत गव्हाचा घाण उतरला आणि त्यावर तुमची ज्वारी पडली, तर गव्हाचे पीठ तुमच्या डब्यात आलेच म्हणून समजा. घरघंटी असेल तर तीत गहू अजिबात दळू नये. तीही जमत नसेल तर तांदूळ-उडीद भिजवून घरीच वाटावेत. आंबोळीला गिरणी लागतच नाही.

तवा, उलथने आणि पोळपाट वेगळे ठेवावेत. काकवीची बरणीही वेगळी हवी. चपाती बुडवलेला चमचा त्याच बरणीत गेला, की निर्भेळ काकवीही या मुलापुरती बाटली. बरणीवर पोराचे नाव घालून ठेवावे, म्हणजे घरच्यांना आणि पाहुण्यांनाही कळेल.

काकवी आपली म्हणून तिची भलतीच भलावण आम्ही करणार नाही. ती शेवटी साखरच. बालवयातला मधुमेह आणि सिलिअ‍ॅक ही दोन्ही दुखणी कधी एकाच मुलात असतात. तिथे काकवी असो की मेपल, डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

सभासदांना विनंती, की ज्यांच्या घरी असे पथ्याचे माणूस आहे त्यांनी हा मजकूर चुलीपाशी वावरणाऱ्या सर्वांना वाचून दाखवावा, आणि लग्नकार्याच्या आचाऱ्यालाही आधी सांगून ठेवावे. पंगतीत सगळ्यांच्या पानात पोळी पडते तेव्हा या पोराच्या पानात गरम घावन आणि त्यावर पळीभर काकवी पडली, तर त्याला उपाशी किंवा चोरट्यासारखे बसावे लागणार नाही. एवढी सोय ऊसवाल्याच्या घरी सहज होण्यासारखी आहे.