निना चाटूचं मलाक्का

तोमे पिरेश हा पोर्तुगीज मूळचा औषधविक्रेता. १५१२ मध्ये तो मलाक्काला आला, तिथल्या वखारीत हिशेब बघू लागला आणि बंदरात कोण कुठून येतं, काय आणतं, काय नेतं याची टिपणं काढत राहिला. त्याच टिपणांतून ‘सुमा ओरिएंताल’ हा ग्रंथ झाला. त्यात मलाक्काच्या व्यापाऱ्यांची एक लांबलचक यादी आहे. कैरो, मक्का, एडन, होर्मुझ करत आपण पुढे सरकतो आणि गुजरात्यांच्या पाठोपाठ चक्क चौल, दाभोळ आणि गोवा ही नावं येतात. आपलं रेवदंड्याशेजारचं चौल आणि वाशिष्ठीच्या मुखावरचं दाभोळ! या बंदरात ८४ भाषा कानी पडतात, असंही पिरेश लिहितो. माझं मलाक्काचं वेड या यादीपासून सुरू झालं आणि ते अजून उतरलेलं नाही.

पार्श्वभूमी झटपट उरकतो, ती कुठल्याही पुस्तकात मिळते. १४०० च्या आसपास परमेश्वर नावाच्या सुमात्राकडच्या राजपुत्राने हे गाव वसवलं. चीनच्या मिंग सम्राटांनी पाठीवर हात ठेवला, राजघराण्याने इस्लाम स्वीकारला आणि शंभर वर्षांत कोळ्यांच्या वस्तीचं मोठं बंदर झालं. लवंग, जायफळ, चंदन, कापड, चिनी माती, सगळं इथे हात बदलायचं. कारण वारा. नैऋत्येच्या वाऱ्यावर हिंदुस्थानची गलबतं यायची, ईशान्येच्या वाऱ्यावर चीनची. वारा फिरेपर्यंत मुक्काम ठोकणं भाग. मग गोदामं आली, सावकारी आली, वस्त्या आल्या. परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर नेमलेले होते, त्यातला एक खास गुजरात्यांसाठी. माल उतरवून घेण्यापासून तंटे मिटवण्यापर्यंत सगळं या शाहबंदरांकडे. इतकी चोख व्यवस्था त्या काळात युरोपातल्या किती बंदरांत होती, हा प्रश्न पोर्तुगीजांचे गोडवे गाणाऱ्यांना विचारावासा वाटतो.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. पोर्तुगीज कागदांत त्याचं नाव निना चाटू. हा तिथे स्थायिक झालेला दक्षिण हिंदुस्थानी हिंदू व्यापारी, बहुधा तमिळ चेट्टी. मलाक्कात अशांना केलिंग म्हणत. १५०९ मध्ये दियोगो लोपिश द सिकेरा पहिली पोर्तुगीज जहाजं घेऊन आला. गुजराती व्यापाऱ्यांना हे नवे भिडू नकोच होते. दरबारात कानभरणी झाली, सिकेरावर हल्ल्याचा बेत ठरला, तो कसाबसा निसटला, पण त्याचे वीसेक लोक किनाऱ्यावरच अडकले. त्यांत रुय द आराउजो होता. या कैद्यांना अन्न आणि पैसा पुरवणारा माणूस म्हणजे निना चाटू. इतकंच नव्हे, १५१० च्या फेब्रुवारीत आराउजोने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला लिहिलेलं पत्र बाहेर पडलं तेही त्याच्याच मदतीने. शहराची ताकद किती, वर्मं कुठली, कोण कोणाच्या विरोधात, सगळी खबर त्या पत्रात होती.

त्याने हे का केलं? फितुरी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. बाजारावर गुजरात्यांचं वर्चस्व होतं, दरबारात सुलतान महमूद शाहची मर्जी कधी फिरेल याचा नेम नव्हता. सुलतानाने आपल्याच बंडाहाराला, म्हणजे मुख्य प्रधानाला, ठार करवलं होतं. चाटूने हिशेब मांडला आणि नव्या घोड्यावर पैसा लावला. पेढीवर बसणारा माणूस जे करतो तेच त्याने केलं.

इकडे अल्बुकर्कने १५१० च्या नोव्हेंबरात गोवा दुसऱ्यांदा घेतलं होतं. खरं तर त्याला तांबड्या समुद्राकडे जायचं होतं. वाऱ्याने साथ दिली नाही, मग गडी पूर्वेकडे वळला. साधारण अठरा जहाजं, हजार-बाराशे माणसं, त्यांत मलबारचे शिपाईही. १ जुलै १५११ रोजी तो मलाक्कासमोर नांगर टाकून उभा राहिला. सुलतान चालढकल करत राहिला. शेवटी अल्बुकर्कने किनाऱ्यावरची काही घरं आणि बंदरातली जहाजं पेटवली, तेव्हा कैदी सुटले.

तरी लढाई टळली नाही, आणि ती सगळी एका पुलाभोवती फिरली. नदीच्या एका अंगाला टेकडी, राजवाडा आणि मशीद. दुसऱ्या अंगाला व्यापाऱ्यांची वस्ती. पूल हातात आला की शहराचे दोन तुकडे. नदी तरी केवढी! आज त्याच जागेच्या आसपास तान किम सेंगच्या नावाचा पूल आहे. त्यावर उभं राहिलं तर पलीकडच्या चहावाल्याला हाक ऐकू जाते. २५ जुलैला, सेंट जेम्सच्या सणादिवशी, पोर्तुगीजांनी पूल घेतला. सुलतान हत्तीवरून लढला, पण जखमी हत्ती उलटून स्वतःच्याच माणसांत घुसले. तरी संध्याकाळी पोर्तुगीजांना माघार घ्यावी लागली. उन्हाने आणि भुकेने माणसं कोलमडली होती. मग अल्बुकर्कने उंच बाजूंचं एक मोठं जंक पुलाला भिडवायचं ठरवलं, म्हणजे वरून मारा करता येईल. ते वाळूत रुतलं. मोठ्या भरतीची वाट बघत दिवसच्या दिवस गेले, आणि रोज रात्री मलय लोक त्यावर पेटते तराफे सोडत होते. १० ऑगस्टला ते एकदाचं पुलाला लागलं. २४ ऑगस्टपर्यंत शहर सुलतानाच्या हातचं गेलं.

लुटीची परवानगी मिळाली, पण निना चाटूच्या घराला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. वाचवायच्या घरांवर निशाणं लावली होती.

लुटीचा विषय निघाला की लोक ‘फ्लोर दो मार’बद्दलच विचारतात. ते जहाज १५११ च्या नोव्हेंबरात सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडालं आणि अल्बुकर्क तराफ्यावरून वाचला. त्यात काय काय होतं याच्या याद्या वाचून माझा जीव विटला आहे. अपवाद दोन गोष्टींचा. अल्बुकर्कने स्वतःच्या थडग्यासाठी घेतलेले ब्राँझचे सिंह, आणि एक हाडाचं कडं. अल्बुकर्कच्या मुलाने लिहिलेली कथा अशी की, वाटेत पकडलेल्या एका मलाक्काच्या सरदाराच्या अंगभर जखमा होत्या, पण रक्त येईना. हातातलं कडं काढलं, रक्ताची धार लागली आणि तो मेला. कथा खरी मानायची की नाही हे तुम्ही ठरवा. कडं मात्र समुद्रात गेलं.

अल्बुकर्कने मशिदीचे आणि सुलतानांच्या कबरींचे दगड काढून ‘आ फामोझा’ किल्ला बांधला आणि निना चाटूला बंडाहार केलं. चाटूच्या आणि पोर्तुगीज राजाच्या भागीदारीत जहाजं पेगूला जाऊ लागली. नव्या मालकांकडे तोफा होत्या, पण बंगालच्या उपसागरात कोणाकडे उधारी चालते हे माहीत होतं ते चाटूला. तीन वर्षांत पारडं फिरलं. १५१४ मध्ये त्याला काढून कंपारच्या राजाला बंडाहार नेमलं. पोर्तुगीज बखरकार सांगतात, चाटूने भर वस्तीत चंदनाची चिता रचली, जरीची वस्त्रं ल्याला, पोर्तुगीजांसाठी काय काय केलं ते जमलेल्या लोकांना ऐकवलं आणि आगीत उडी घेतली. वर्णनात मीठमसाला असेल. अपमान खरा होता. कंपारच्या राजाचाही पुढे पोर्तुगीजांनीच शिरच्छेद केला.

आणि व्यापार? तो उठून गेला. गुजराती आचेकडे वळले, मिरी सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याने जाऊ लागली, सुलतानाच्या वंशजांनी जोहोर उभं केलं. अल्बुकर्कने बंदर जिंकलं. माणसं त्याला जिंकता आली नाहीत. १६४१ मध्ये डचांनी जोहोरच्याच मदतीने मलाक्का घेतलं आणि १८०७ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून किल्ला उडवला. उरली ती एक वेस. तिच्यावरही साल आहे १६७० आणि चिन्ह आहे डच कंपनीचं.

पर्यटक तिथे फोटो काढतात आणि मागच्या सेंट पॉल टेकडीवर चढतात. तिथल्या छप्पर गेलेल्या चर्चमध्ये जाळीने झाकलेला एक खड्डा आहे. चीनच्या किनाऱ्यावर वारलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव १५५३ मध्ये इथे पुरलं होतं, ते नंतर गोव्याला आलं. जुन्या गोव्यात बॉम जेझूसला रांगेत उभे राहणारे किती जण या जुन्या कबरीपर्यंत येतात कोण जाणे.

मी मात्र नदी ओलांडून सोनारांच्या आळीत रमतो. १७८१ मध्ये डचांनी दिलेल्या जागेवर चिट्टी समाजाने बांधलेलं विनायकाचं देऊळ तिथे आहे. चिट्टी म्हणजे जुन्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. बायका मलय पद्धतीचा सारोंग नेसतात, देव सगळे आपले, बोली मलय. देवळात भेटलेल्या एका आजोबांना तमिळ येत नव्हतं. गणपतीपुढे हात जोडून त्यांनी मलयमध्येच माझी चौकशी केली, आणि मी मुंबईकडचा हे कळल्यावर प्रसादाचं केळं दोनदा दिलं.

क्वालालंपूरहून मलाक्काला बस दोन-अडीच तासांत पोचवते. बहुतेक सहली किल्ल्याची वेस आणि लाल डच चौक दाखवून संध्याकाळी परततात. तुम्ही रात्री मुक्काम करा, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ गाजाह बेरांग भागातल्या चिट्टी वस्तीसाठी राखून ठेवा.