डीएनएच्या शिडीत धातूची पायरी

डीएनएचा रेणू पीळ दिलेल्या शिडीसारखा असतो, हे जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ साली मांडले. या शिडीची प्रत्येक पायरी दोन बेसच्या जोडीने बनते. अ‍ॅडेनीनची जोडी थायमीनशी, तर ग्वानीनची सायटोसीनशी जमते. पहिल्या जोडीला दोन आणि दुसरीला तीन हायड्रोजन बंध धरून ठेवतात. हे बंध एकेकटे दुबळे असल्यामुळेच पेशीला गरजेनुसार दोन्ही धागे सोडवता येतात. मात्र या बंधांची जागा धातूचा आयनही घेऊ शकतो, असे रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

थायमीनसमोर थायमीन आले, तर ती जोडी विजोड ठरते आणि तेथे शिडी कमकुवत होते. द्रावणात पाऱ्याचे दोन धनप्रभार असलेले आयन असतील, तर चित्र पालटते. दोन्ही थायमीन एकेक प्रोटॉन सोडतात आणि मोकळ्या झालेल्या दोन नायट्रोजन अणूंमध्ये पारा जाऊन बसतो. दोन धनप्रभार गेले, दोन आले. त्यामुळे विद्युतभाराचा हिशेबही जुळतो. सायटोसीनच्या विजोड जोडीत हेच काम चांदीचा आयन करतो.

टोकियो विद्यापीठातील मित्सुहिको शिओनोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यापुढे जाऊन निसर्गात नसलेले बेस घडवले. त्यांपैकी हायड्रॉक्सिपिरिडोन या बेसची जोडी तांब्याच्या आयनामुळे जमते. दोन्ही बेसचे मिळून चार ऑक्सिजन अणू तांब्याला एकाच पातळीत चारही बाजूंनी धरतात. ही सपाट जोडी शेजारच्या पायऱ्यांवर नीट रचली जाते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा एकाच जोडीमुळे धागे सुटण्याचे तापमान सुमारे १३ अंश सेल्सियसने वाढले. त्या जागी अ‍ॅडेनीन व थायमीनची नैसर्गिक जोडी असतानाच्या तापमानापेक्षाही ते अधिक होते. २००३ साली याच गटाने डीएनएच्या आत तांब्याचे पाच आयन एका ओळीत बसवले.

या संशोधनाचा व्यावहारिक उपयोग पाण्यातील पारा ओळखण्यासाठी होतो. जपानमधील अकिरा ओनो यांनी २००४ साली थायमीनयुक्त डीएनएचा असा धागा तयार केला, की पारा मिळताच तो दुमडतो, त्याची दोन्ही टोके जवळ येतात आणि त्याची चमक मंदावते. इतर धातूंना तो फारसा दाद देत नाही. त्याची क्षमता ४० नॅनोमोलर, म्हणजे लिटरमागे सुमारे ८ मायक्रोग्रॅम पारा ओळखण्याची होती. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा मात्र लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे. याच तत्त्वावर आधारलेल्या पुढील अनेक पद्धतींनी त्याहून कमी पारा ओळखून दाखवला.

तरीही एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेल्या विषबाधेस मिथाइल पारा कारणीभूत होता. माशांच्या शरीरात साठतो तो प्रामुख्याने हाच. त्याचा एक हात मिथाइल गटाने आधीच अडवलेला असल्याने दोन थायमीनना तो सांधू शकत नाही. म्हणून अशा नमुन्यातील पारा आधी साध्या आयनात रूपांतरित करावा लागतो. त्यानंतरच डीएनएची ही चाचणी त्याची खूण पटवू शकते.